प्रोफाइलवरचा फोटो आरोपीचा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेटिंग अ‍ॅपवर किंवा सोशल मीडियावर ओळख वाढवून फसवल्याच्या बातम्या आता सतत वाचायला मिळतात. त्यांचा साचा ठरून गेला आहे. फसलेल्या बाईचे वय, तिचा व्यवसाय, ती विधवा की घटस्फोटित, किती रक्कम गेली, आणि वर 'प्रेमाच्या आणाभाका घेऊन गंडा' अशा चालीचा मथळा. ज्याने फसवले त्याच्यासाठी जेमतेम एक ओळ. कधी कधी सोबत त्याने वापरलेल्या प्रोफाइलचा फोटो असतो आणि त्याखाली 'हाच तो भामटा' असे लिहिलेले असते. या फोटोबद्दल मी आपल्याला लिहीत आहे, कारण अशा एका बातमीसोबत छापून आलेला फोटो माझा होता.

ते वर्तमानपत्र आपले नव्हते. त्याचे नाव घेऊन मला काही साधायचे नाही.

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे. सोशल मीडियावर माझे एक साधे खाते होते. ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या कपड्यांतला एक फोटो, मुलीच्या वाढदिवसाचे काही, डोंगरावरचे, कुत्र्यासोबतचे आणि बायकोबरोबरचा एक. कुणीतरी ते सगळे उचलले आणि त्यांतून परदेशात काम करणारा एक विधुर सर्जन उभा केला. नाव वेगळे, देश वेगळा, मुलगी मात्र माझीच. मला हे कळले ते एका अनोळखी बाईच्या मेसेजमुळे. 'असं का केलंत?' एवढेच तिने लिहिले होते आणि खाली माझेच फोटो जोडले होते. पुढे आणखी बायकांचे मेसेज आले, वेगवेगळ्या देशांतून. कुणी शिव्या घातल्या, कुणी पोलिसांत जाण्याची धमकी दिली, कुणी नुसतेच रडण्याचे आवाज पाठवले. बातमी छापून आली ती या सगळ्यानंतर. त्या दिवशी रुग्णालयात एका पेशंटच्या मुलाने माझ्याकडून भूल देऊन घ्यायला नकार दिला. त्याला मी दोष देत नाही. वडिलांना टेबलावर घेण्याआधी त्याने सकाळच्या पेपरात माझा चेहरा पाहिला होता.

खुलासा छापून आला, पण आतल्या पानावर, दोन ओळींचा, फोटोशिवाय. ज्यांनी फोटो पाहिला त्यांच्यापर्यंत तो पोचणार कसा?

या बायकांपैकी एकीशी माझा संवाद टिकला. त्या लेखापाल आहेत, वयाने माझ्याहून मोठ्या. मी त्यांना ताई म्हणतो. त्यांनी त्या 'सर्जन'शी झालेले सगळे बोलणे छापून तारखांनिशी एका फाइलमध्ये लावले आहे, हिशेबाची कागदपत्रे लावावीत तसे. ती फाइल त्यांनी मला वाचायला दिली, आणि पुढचे लिहायची परवानगीही दिली आहे.

त्या फाइलमध्ये माझा आणि बायकोचा तो फोटो आहे. तिला कापून काढले आहे, पण माझ्या खांद्यावरची तिची चार बोटे कापता आलेली नाहीत. फसवणाऱ्याने त्याचाही उपयोग करून घेतला. 'ही माझ्या बायकोची बोटं. ती गेल्यावर तिचे बाकी सगळे फोटो काढून टाकले, हा काढवला नाही,' असे त्याने ताईंना लिहिले. ताई म्हणतात, त्या वाक्याने त्यांचा विश्वास बसला. माझ्या बायकोने ते पान वाचले आणि म्हणाली, 'मला मारून टाकलं त्यानं, आणि पोरीला बिनआईची केलं.' तेव्हापासून आमच्या मुलीचा एकही फोटो आम्ही कुठे टाकलेला नाही.

सगळे फोटो आरशात पाहावेत तसे उलटे फिरवलेले आहेत. माझ्या शर्टाचा खिसा त्यांत माझ्या छातीच्या उजव्या बाजूला दिसतो, भांग दुसऱ्या बाजूला पडलेला दिसतो. फोटोवरून शोध घेतला तर मूळ खाते सहज हाती लागू नये, यासाठी ही युक्ती करतात. 'फोटो इंटरनेटवर शोधून पाहा' हा सल्ला चांगलाच आहे, पण शोधात काही सापडले नाही म्हणजे माणूस खरा, असे कुणी धरून चालू नये.

फाइलच्या पहिल्या भागात पैशाचा उल्लेखही नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी मेसेज, रात्री चौकशी. जेवलात का, ऑडिट संपले का, गुडघा कसा आहे. ताईंनी एकदा सहज सांगितलेली गोष्ट त्याला पुढे बरोबर आठवे, कारण समोर बसलेल्याने ती टिपून ठेवलेली असे. ओळख झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याने अ‍ॅप सोडून दुसऱ्या मेसेजिंगवर यायला सांगितले. कारण गोड होते: 'इथे मला दुसऱ्या कुणाशी बोलायचंच नाही, मी खातं बंद करतोय.' खरे कारण असे, की तक्रार आली तर अ‍ॅपवाले खाते बंद करू शकतात, आणि मग गळाला लागलेले माणूस हातचे जाते. कॅमेरा कधीच चालत नसे. युद्धक्षेत्रातले रुग्णालय आहे, परवानगी नाही, नेटवर्क नाही. हीच सबब कुणाला तेलविहिरीवरच्या इंजिनिअरच्या नावाने ऐकवतात, कुणाला जहाजावरच्या कॅप्टनच्या, कुणाला सैनिकाच्या.

मग पहिली मागणी, अगदी किरकोळ. मुलीच्या शाळेची फी भरायची राहिली आहे, इथून बँक चालत नाही. ते पैसे त्याने परतही केले. त्यामुळे दुसरी मागणी ताईंना मागणी वाटलीच नाही. पुढे कस्टममध्ये अडकलेले पार्सल आले, मग दंड, मग वकील, मग अपघात. दर वेळी 'हे शेवटचं'. आणि प्रत्येक वळणावर एक अट: कुणाला सांगू नका, लोक आपल्याला समजून घेणार नाहीत. फाइलमधले हे वाक्य मला सगळ्यांत भयंकर वाटते. पैसे मागण्याच्या कितीतरी आधी त्याने ताईंना त्यांच्या बहिणीपासून आणि मैत्रिणीपासून वेगळे केले होते.

ऑनलाइन प्रेमाच्या फसवणुकीवर बराच अभ्यास केलेल्या मोनिका व्हिटी यांनी या पायऱ्या व्यवस्थित मांडल्या आहेत. आधी आदर्श जोडीदार वाटेल असे प्रोफाइल, मग जवळीक रुजवण्याचा काळ, मग घाव, आणि पैसे संपले तरी न संपणारी पिळवणूक. फसलेल्याला दुहेरी मार बसतो, असे त्या सांगतात. पैसा जातो आणि माणूसही जातो. बाहेरच्याला पैसा तेवढा दिसतो.

ताईंना सगळे कळून चुकल्यावर त्यांनी मला एकदा व्हिडिओ कॉल करू का, असे विचारले. मी हो म्हटले. बायको शेजारीच बसली होती. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नुसत्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, 'तुमचा आवाज वेगळा आहे.' पुन्हा थांबल्या आणि म्हणाल्या, 'आता गेला तो.' हे लिहितानाही माझा हात अडखळतो. ज्या माणसासाठी त्या रडत होत्या तो कधीच नव्हता, पण त्यांचे रडणे पूर्ण खरे होते. अशा बाईच्या दारात दुसऱ्या दिवशी 'गंडा' शब्दाचा मथळा येऊन पडतो. शेजारीपाजारी तो वाचतात. वय आणि व्यवसाय दिलेला असतो, त्यामुळे ती कोण ते ओळखायला त्यांना वेळ लागत नाही.

माध्यमांनी काय करू नये याचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठाचा फुटबॉलपटू मँटाय टेओ याला सप्टेंबर २०१२ मध्ये एकाच दिवशी दोन निधनवार्ता कळल्या, आजीची आणि प्रेयसीची. आजी खरोखर गेली होती. प्रेयसी मात्र अस्तित्वातच नव्हती. फोनवर बाईचा आवाज काढून बोलणाऱ्या एका व्यक्तीने रचलेले ते पात्र होते. तो तिला प्रत्यक्ष कधी भेटला नव्हता. त्याच्या दुःखाची कहाणी मोठमोठ्या नियतकालिकांनी आणि वाहिन्यांनी छापली, दाखवली. तिच्या मृत्यूच्या तारखा वेगवेगळ्या छापल्या गेल्या तरी कुणाला शंका आली नाही. जानेवारी २०१३ मध्ये 'डेडस्पिन' या संकेतस्थळाच्या पत्रकारांनी खोलात जाऊन शोध घेतला. त्या 'दिवंगत' मुलीच्या फोटोतली तरुणी जिवंत होती, आणि आपल्या फोटोंचे काय चालले आहे याचा तिला पत्ताही नव्हता. ते पात्र रचणाऱ्या, तिच्या जुन्या शाळासोबती असलेल्या व्यक्तीनेच तिचे फोटो वापरले होते. पुढे काय झाले? ज्यांनी न पडताळता छापले त्यांच्याबद्दल लोक लवकरच विसरले, आणि टेओची देशभर टिंगल झाली. त्याने कुणाचे काहीही वाईट केले नव्हते. त्या तरुणीनेही केले नव्हते.

उलट उदाहरणही आहे आणि ते एका वर्तमानपत्राचेच आहे. शिमोन हायुत हा इस्रायली माणूस सायमन लेव्हिएव्ह हे नाव घेऊन, एका बड्या हिरे व्यापाऱ्याचा मुलगा म्हणून युरोपभर वावरत होता. चेहरा त्याचा स्वतःचाच होता. तो प्रत्यक्ष भेटायचा, खासगी विमानातून फिरवायचा आणि नंतर 'शत्रू मागावर आहेत' असे सांगून बायकांना त्यांच्या नावावर कर्जे काढायला लावायचा. एकीचे पैसे दुसरीवर उधळायचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये नॉर्वेच्या 'व्हीजी' या वर्तमानपत्राने त्याचा सगळा डाव सविस्तर छापला: पैसा कुठून कुठे गेला, कोणत्या वाक्यांनी विश्वास मिळवला, कोणती कागदपत्रे दाखवली. फसलेल्या बायका स्वतःच्या नावाने बोलल्या. तो लेख त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीच्या वाचनात आला. तिने त्याला कळू दिले नाही आणि तो पकडला जावा यासाठी माहिती पुरवली. त्याच वर्षी तो अथेन्समध्ये खोट्या पासपोर्टसह सापडला. इस्रायलमध्ये जुन्या गुन्ह्यांसाठी पंधरा महिन्यांची शिक्षा झाली आणि पाचेक महिन्यांत तो बाहेर आला, ही त्या बायकांच्या बाबतीत घोर अन्यायाची गोष्ट आहे. पण तो सापडला तो एका चांगल्या बातमीमुळे, हे विसरता येत नाही.

माझ्या फोटोमागे कोण आहे, मला माहीत नाही. ज्याला 'भामटा' म्हणून आपण मोकळे होतो तो माणूस एकच नसतो, हे मात्र आता जगजाहीर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर जबरदस्तीने राबवली जात असावीत. नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेले सुशिक्षित तरुण. पासपोर्ट काढून घेतलेला, कुंपणावर पहारेकरी, ठरलेले लक्ष्य गाठले नाही तर मारहाण. मार्च २०२५ मध्ये अशाच अड्ड्यांवरून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. म्हणजे चेहरा माझा, मेसेज टाइप करणारा कदाचित कोंडून ठेवलेला एखादा पोरगा, आणि पैसा तिसऱ्याच्याच खिशात. अशा वेळी 'हाच तो' म्हणून फोटो छापण्यात काय तथ्य उरते?

सगळीच प्रकरणे टोळ्यांची नसतात. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या एका बाईला तिच्याच चुलत नात्यातल्या मुलीने एका खोट्या प्रियकराच्या नावाने जवळजवळ दशकभर झुलवले. त्याच्या भोवती मित्र, नातेवाईक अशी डझनावारी खोटी पात्रे उभी केली, तो आजारी पडला, त्याच्यावर हल्ला झाला, अशा कहाण्या रचल्या. २०१८ मध्ये उलगडा झाला. इथे हेतू पैसा नव्हताच, म्हणून नेमका कोणता गुन्हा लावायचा हाच प्रश्न पडला. शेवटी त्या बाईला दिवाणी दाव्याच्या मार्गाने जावे लागले. पैसे गेले नाहीत म्हणजे काही गेलेच नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी तिची उमेदीची वर्षे मोजून पाहावीत.

खोटी ओळख मोबाइलने जन्माला घातलेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये आंरी लांद्रू या माणसाने वर्तमानपत्रांत विवाहाच्या जाहिराती देऊन, वेगवेगळी नावे घेऊन बायकांना जाळ्यात ओढले. दहा बायका आणि त्यांतल्या एकीचा मुलगा यांच्या खुनांबद्दल १९२२ मध्ये त्याला गिलोटिनवर चढवले. त्या जाहिराती छापणारीही वर्तमानपत्रेच होती. बदलला आहे तो आवाका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे एकट्या २०२२ मध्ये प्रेमाच्या फसवणुकीच्या सुमारे ७०,००० तक्रारी आल्या आणि त्यांतले नुकसान १.३ अब्ज डॉलर होते. हे फक्त तक्रार करणाऱ्यांचे. बाकीच्या गप्प बसतात, आणि त्या का गप्प बसतात याला आपले मथळेही कारण आहेत.

'व्हिडिओ कॉल करून खात्री करा' हा सल्लाही आता अपुरा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाँगकाँग पोलिसांनी २७ जणांना पकडले. ही टोळी कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा बदलून व्हिडिओवर सुंदर तरुणी म्हणून बोलत असे. उद्या माझा चेहरा कुणाशी तरी हलत-बोलत संवाद साधेल, आणि मी त्या वेळी थिएटरमध्ये एखाद्या रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवून उभा असेन.

खोट्या खात्याची तक्रार मी अर्थातच केली. एका कंपनीचे उत्तर आले, 'या खात्यात आम्हाला नियमभंग आढळला नाही.' दुसरीने मी 'मी'च आहे हे सिद्ध करायला ओळखपत्राची प्रत मागितली. माझे फोटो वापरणाऱ्याकडे असे ओळखपत्र कुणीच मागितले नव्हते. एक खाते बंद झाले की त्याच फोटोंचे दुसरे उघडते. याबद्दल वर्तमानपत्रांनी या कंपन्यांना जाब विचारायला हवा, कारण एकट्यादुकट्याला तिथे कुणी विचारत नाही.

लाजेने काय होते याचे एक उदाहरण सांगतो आणि मग मागण्यांकडे वळतो. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सतरा वर्षांच्या एका मुलाला मुलीच्या नावाच्या खात्यावरून गाठले गेले, त्याच्याकडून खासगी फोटो मिळवला गेला आणि पैशांसाठी धमकावले गेले. काही तासांत त्या मुलाने जीव दिला. नायजेरियातल्या दोन भावांना त्या प्रकरणात २०२४ मध्ये प्रत्येकी साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. त्या रात्री त्याने घरच्यांना उठवले असते तर तो कदाचित आज असता. त्याला लाज वाटली. ती लाज त्याला कुणी शिकवली, याचा विचार बातमी लिहिणाऱ्या प्रत्येकाने करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मागण्या. खोट्या प्रोफाइलवरचा फोटो छापू नये. छापायचाच असेल तर चेहरा पूर्ण झाकावा आणि 'हा फोटो चोरलेला असण्याची शक्यता आहे' असे स्पष्ट लिहावे. चुकीचा फोटो छापला गेला तर खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यावा. फसलेल्या व्यक्तीची ओळख पटेल असा तपशील गाळावा. तिचे वैवाहिक आयुष्य ही बातमी नाही. त्याऐवजी फसवणूक कशी झाली ते लिहावे: कोणती सबब दिली, अ‍ॅप सोडायला कधी सांगितले, पहिली रक्कम किती लहान होती, कुणाला सांगू नका असे कधी म्हटले. तीच वाक्ये आपल्याला येताहेत हे कुणीतरी वाचेल आणि तिथेच थांबेल. आणि बातमीच्या शेवटी एक ओळ अवश्य असावी, की 'गेलेले पैसे परत मिळवून देतो' म्हणत येणारा 'तपास अधिकारी' किंवा 'हॅकर' बहुधा त्याच टोळीचा असतो. ताईंना तसा फोन आला होता. पलीकडच्या माणसाला त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक रकमेची तारीख माहीत होती.

आपल्या वार्ताहराला या विषयावर सविस्तर लिहायचे असेल तर मी भेटायला तयार आहे. ताईंनीही नाव न छापण्याच्या अटीवर बोलायची आणि ती फाइल दाखवायची तयारी दर्शवली आहे. माझे नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे. तो छापू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक (भूलतज्ज्ञ)